सात पदरांतून गाळलेलं पेट्रोल

"पहिले आयकी ल्या, मंग खोला," असं म्हणून ते पेट्रोलच्या टाकीवर बोटाच्या पेरानं तीन टिचक्या मारायचे आणि पत्र्याला कान लावायचे. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. वैद्य पोट ठोकून बघतो ना, अगदी तसं. मग हळूच म्हणायचे, "तळमा गाळ शे." आणि टाकी उघडली की तळाशी गाळ असायचाच.

तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल. हातातली वस्तू आपल्याशी बोलते असं मनापासून मानणारा. आमच्याकडे त्यांना सगळे मिस्तरी म्हणत. त्यांना नाव असणारच, पण आम्ही बायकांनी ते कधी विचारलं नाही, आणि नंतर विचारायचं तोंड मला राहिलं नाही. ते कसं, तेच आज सांगायला बसले आहे. माझ्या नातवंडांना मी खूप गोष्टी सांगते, निम्म्या खोट्या असतात. ही मात्र कधी सांगितली नाही.

माझं सासर एरंडोलपासून धुळ्याच्या अंगाला तीन कोसांवर. कापसाचं घर. लढाईच्या आधी माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, एक लॉरी घेतली होती. आजच्या भाषेत ट्रक. पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती, म्हणून आबांच्या मिशांना तेव्हापासून जरा जास्तच पीळ असे, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगत. मग लढाई आली, पेट्रोल कुपनावर गेलं, टायर मिळेनासे झाले, आणि लॉरी खळ्यातल्या निंबाखाली जी उभी राहिली ती चार वर्षं हलली नाही.

मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा ती लॉरी जवळजवळ झाडच झाली होती. चाकांवर भोपळ्याचा वेल चढलेला, बैठकीत कोंबडी अंड्यावर बसलेली. पुढच्या झाकणावर आत्याबाई नागलीचे पापड वाळवत, पत्रा तापला की एका दिवसात खडखडीत. आणि आत, चालकाच्या जागेवर, घरातली नवी सून पदर खोचून चिंचा खात बसायची. ती मीच. पंधरा संपून सोळावं लागलेलं. मराठी चौथी पास. एवढ्या शिक्षणावर आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी माझी खात्री होती, आणि घरात मला कुणी विचारत नाही ते केवळ त्यांच्या अडाणीपणामुळे, अशीही खात्री होती.

लढाई संपली. दुसऱ्या वर्षी कापूस बरा आला, आणि आबांनी लॉरी पुन्हा चालू करायचं मनावर घेतलं. धुळ्याहून मिस्तरींना बोलावणं गेलं.

मिस्तरी मूळचे साक्रीकडच्या डोंगरपट्टीतले. चाळिशीचे असतील. किडकिडीत, कानाच्या पाळीला सदा काळं लागलेलं. धुळ्यातल्या ज्या गॅरेजात ते होते ते लढाईत बंद पडलं, तेव्हापासून आज या गावी, उद्या त्या गावी, जिथे मोटार अडेल तिथे. धुळ्याला एका भाड्याच्या खोलीत त्यांची म्हातारी आई होती. तिला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं.

आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की लॉरी कापूस घेऊन जळगावच्या प्रेसला गेली आणि आपल्या चाकांवर परत आली, तर निंबाजवळची खोली तुमची. कायमचे आमच्याकडे राहा, आईला आणा. मिस्तरींनी लॉरीभोवती एक फेरी मारली, टिचक्या मारल्या, ऐकलं, आणि आबांपुढे उभं राहून म्हणाले की गाडी जाईल. आणि पुढे कुणी न विचारता बोलून बसले, "मनी सोडेल गाडी वाटमा थांबनी, ते मी परत पाना हातमा धरावू नही." म्हणजे मी सोडलेली गाडी वाटेत थांबली, तर पुन्हा पाना हातात धरणार नाही.

त्या खोलीकडे मात्र त्यांचे डोळे सारखे जायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर आत जाऊन भुई हातानं चाचपत होते. मला म्हणाले, मायला दिसत नाही, उंबरा उंच नको, तिला ठेच लागेल. मग संध्याकाळी स्वतःच तो उंबरा तासून बसका केला. काम पुरं व्हायच्या आधीच.

तर कामाचं सांगते. त्यांनी आत्याबाईंकडे पाच जुन्या थाळ्या मागितल्या. आत्याबाईंना वाटलं माणूस खादाड आहे. त्यांनी त्या थाळ्या निंबाखाली ओळीनं मांडल्या, इंजिनाला पेट्रोल पाजणारा कारबेटर खोलला, आणि ज्या क्रमानं एकेक भाग निघाला त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे ठेवत गेले. मधल्या थाळीला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. मी अर्थातच लावला. त्यांनी माझ्या हातातला पितळी तुकडा घेतला, पुसला, आणि होता तिथे ठेवला. "सूनबाई, यानी जागा हाई शे. उलटं जोडाले बठ्ठं उलट्या वाटखाल जानं पडस." म्हणजे जोडताना उलट्या वाटेनं परतायचं असतं, म्हणून वाट मोडायची नाही. मला ते इतकं पटलं की मी रोज धुण्याची वेळ चुकवून तिथे उभी राहू लागले.

चार वर्षांत आतलं पेट्रोल उडून गेलं होतं आणि मागे बाभळीच्या डिंकासारखा तपकिरी थर उरला होता. पेट्रोल ज्या बारीक भोकातून इंजिनात जातं ते सुईच्या नाकाएवढं. ते बुजलेलं. मी म्हटलं, तार घाला. ते हसले. तारेनं भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल जास्त पिते. त्यांनी आमच्या घोडीच्या शेपटीचा एक केस उपटून आणला आणि त्या भोकातून तो ओवून अर्धा दिवस पुढे-मागे करत बसले. घोडी त्यांच्यावर कायमची रुसली. ते जवळ आले की शेपटी पायांत घालायची.

कारबेटरचं झाकण आणि बुडखा यांच्यामध्ये घालायला जाड कागद हवा होता. मी माझी लग्नपत्रिका आणून दिली. घरात तेवढा जाड कागद दुसरा नव्हता, आणि लग्न तर होऊनच गेलं होतं. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, वरचा गणपती कात्रीनं अलगद कापून मला परत दिला, आणि उरलेल्या माझ्या नावागावाला भोकं पाडून कारबेटरात बसवलं.

टाकीला खाली एक चीर होती. तिला डाख द्यायचा, म्हणजे कथील वितळवून सांधायचं, तर टाकीजवळ विस्तव आणावा लागतो, आणि रिकाम्या टाकीतला नुसता वासही पेट घेतो. म्हणून त्यांनी आधी आत खडे आणि धुण्याचा सोडा घालून टाकी खळखळ हलवली, मग ती काठोकाठ पाण्यानं भरली आणि सांध्यापुरती जागा वर ठेवून डाख दिला. नंतर पाणी ओतून टाकी तीन दिवस उन्हात पालथी घातली. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत आत घालून, बोटं फिरवून, बाहेर काढून आपल्या गालाला लावली. कोरडी. टाकीत पाणी भरलेलं गावानं पाहिलं, ती कोरडी झालेली फक्त त्यांच्या गालाला माहीत. हे लक्षात असू द्या.

आता ते कातडं. पेट्रोल डब्यांतून आलेलं, कुपनं साठवून साठवून जमवलेलं. मिस्तरी म्हणाले, जुन्या डब्यात पाणी असतंच, आणि पेट्रोलमध्ये पाणी गेलं की गाडी मेली. त्यांच्या झोळीत सांबराचं मऊ पिवळं कातडं होतं, त्यांच्या उस्तादानं दिलेलं. ते पेट्रोलनं ओलं करून नरसाळ्यात बसवायचं आणि त्यातून डबा ओतायचा. पेट्रोल खाली जातं, पाणी वर राहतं. त्यांनी एक डबा तसा गाळून दाखवला. कातड्यावर पाण्याचे मणी डुगडुगत राहिले. मी ते पाहिलं, पण खरं सांगू, मी नाकाला पदर लावून उभी होते आणि माझं सगळं लक्ष त्या नरसाळ्याकडे होतं. ते आमचं पितळी नरसाळं होतं. तेलाचं. मीच ते आणून दिलं होतं, आणि त्यात आता मेलेल्या जनावराचं कातडं बसलं होतं.

त्या एका डब्यावर लॉरी चालू झाली. हँडल मारलं, ती खोकली, काळा धूर सोडला, आणि खळ्यातल्या सगळ्या कोंबड्या घराच्या कौलांवर गेल्या. मिस्तरींनी तिच्या झाकणावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आबा ओसरीवरून बघत होते, मिशांवर हात होता.

चार दिवसांनी सकाळी कापूस भरून निघायचं ठरलं. आदल्या दिवशी सगळे गडी वेचणीवर, माझे घरधनीही शेतात. मिस्तरींना ट्यूबचं काही सामान आणायला एरंडोलला जायचं होतं. उरलेले चार डबे गाळायचे राहिले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सूनबाई, तुमना हात थिर शे. गाळी ठेवा. पन याच कातडामातून."

लग्नानंतर त्या घरात मला कुणी पहिल्यांदाच विश्वासाचं काम सांगितलं होतं. पीठ चाळण्यापलीकडचं. मी इतकी फुगले की पदर डोक्यावर राहीना.

मिस्तरी गेले आणि मी विचार करायला बसले. हीच तर चूक. आत्याबाई सोवळ्याच्या कडक. त्यांच्या तेलाच्या नरसाळ्यात कातडं घालून मी बसलेली त्यांना दिसले तर? त्या काय म्हणतील ते सगळं मी मनात त्यांच्याच आवाजात ऐकलं. त्यांना विचारायला मात्र गेले नाही. आणि दुसरं असं, की गाळण्यात मला कोण शिकवणार? आमच्या घरात पाणी, तेल, ताक, काकवी, सगळं फडक्यातून जायचं. पावसाळ्यात अंजनी नदीचं पाणी चहासारखं यायचं, तेही मी चौपदरी फडक्यातून गाळून आरशासारखं करायचे. तिथे या चामड्याच्या तुकड्याचं काय विशेष? पाणी वर राहतं म्हणे. पाणी कधी गाळणीवर राहतं का? गाळणीवर राहतो तो गाळ. मिस्तरी चांगला माणूस, पण चौथी पास नव्हता.

म्हणून मी कातडं गोठ्यातल्या खुंटीवर टांगलं. नरसाळं राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, धुतलं. माझ्या माहेरच्या नव्या मलमलीचं फडकं घेतलं आणि सात पदर केले. चार पदर पाण्याला, पेट्रोल मोलाचं म्हणून सात. सगळं दुपारभर थेंब थेंब गाळलं. फडक्यावर गंज राहिला, काडीकचरा राहिला, एक मेलेली मुंगी राहिली. मी ती मुंगी काय अभिमानानं पाहिली म्हणता.

मिस्तरी परत आले. विचारलं, कातड्यातूनच गाळलं ना? मी म्हटलं, "हो तर."

इतकंच. दोन शब्द. म्हातारपणी माणसाला काय काय विसरायला होतं, पण हे दोन शब्द बसून राहिले आहेत.

सकाळी लॉरीला हळदकुंकू झालं, नारळ फुटला. आबा पुढे, कापूस मागे, मिस्तरी चालकाच्या जागेवर. निघताना त्यांनी निंबाजवळच्या खोलीकडे एकदा पाहिलं. आत्याबाईंनी कालच ती सारवून घेतली होती.

पुढचं मी पाहिलं नाही, पण इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे. तीन कोस लॉरी बरी गेली. एरंडोलच्या बाजारात, बाजाराच्याच दिवशी, ऐन गर्दीत तिनं दोन आचके दिले आणि थांबली. हँडल मारून मारून मिस्तरींचे हात सोलले. आजूबाजूच्या दहा गावांची माणसं तिथे. आबांचं ज्यांच्याशी पटत नव्हतं ते तर अगदी पुढे. कुणी म्हणालं आबा, तिला कडबा घाला. कुणी म्हणालं शेपूट पिरगाळा. आबा खाली उतरले आणि चालत घरी निघाले.

दिवस कलता कलता लॉरी परत आली. बैलांच्या दोन जोड्या पुढे जुंपलेल्या, मिस्तरी चालकाच्या जागेवर बसून नुसतं चाक वळवत होते. मी दारात उभी होते. आधी मला हसूच आलं. खोटं कशाला बोलू, बैलांनी ओढलेली लॉरी पाहून मी पदरात तोंड खुपसून हसले. मग मिस्तरी खाली उतरले आणि त्यांचा चेहरा दिसला.

त्यांनी तिथेच कारबेटरची वाटी खोलली. तळाशी पाणी. आबा ओसरीवर बसलेले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं की टाकी तुम्ही पाण्यानं भरली होती ना? मिस्तरी म्हणाले, भरली होती. वाळवली म्हणाला होतात? वाळवली होती. मग हे कुठून आलं? गडी आजूबाजूला उभे होते, त्यांतला एक म्हणालाही, एवढं पाणी ओतलं होतं, राहणारच की.

मिस्तरींनी कारबेटरची वाटी खाली ठेवली. उठून गोठ्याकडे गेले.

मी विहिरीपाशी होते. हंडा भरून झाला होता तरी दोर ओढत होते. ते आले, कातडं हातात. ते त्यांनी नाकाशी नेलं. पेट्रोलमध्ये भिजलेल्या कातड्याचा वास दोन-दोन दिवस जात नाही, हे मला नंतर कळलं. त्या कातड्याला गोठ्याचा वास होता.

"कोरडं शे," ते म्हणाले.

मी सांगायला तोंड उघडलं आणि आधी आत्याबाईंचं नाव निघालं. आत्याबाईंना आवडलं नसतं, नरसाळं तेलाचं, मी सात पदर केले होते, मुंगीसुद्धा अडकली होती. असं काहीतरी. मग रडू आलं. ते ऐकत उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मागे वळून ओसरीकडे पाहिलं, आबा बसले होते तिकडे, मग माझ्याकडे.

"रडू नका. तुमले आठेच जलम काढना शे, सूनबाई. मनं काय, आज आठे, सकाय तठे."

आणि ओसरीवर जाऊन आबांना म्हणाले, "टाकीमा पाणी राही गयं. मनी चूक."

आपला पाना त्यांनी पायरीवर ठेवला. आबांनी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आज इथे, उद्या तिथे असं म्हणणारा तो माणूस, ज्यानं आईसाठी उंबरा तासून ठेवला होता, तो झोळी घेऊन धुळ्याच्या रस्त्याला लागला. मी विहिरीआडून पाहत होते. ओसरी वीस पावलांवर होती. मी मोजली आहेत, नंतर, कितीतरी वेळा.

दुसऱ्या दिवशी जळगावहून मेहरूणकडचा एक चालक आला. त्यानं टाकी उघडली, पाणी काढलं, आणि लॉरी चालू झाली. तीच लॉरी, तोच कारबेटर, त्यात माझीच पत्रिका. त्या सबंध हंगामात ती कुठे म्हणून थांबली नाही. आबा त्या चालकाचं कौतुक करत. मिस्तरींचा विषय निघाला की म्हणत, हात चांगला होता त्याचा, पण कामचुकार. मी जेवण वाढत असायची. वाढत राहायची.

मग अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात अखजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मला सातवा महिना होता, म्हणून मला बाळंतपणासाठीच धुळ्याला, माझ्या माहेरी, आणलं. सणाच्या आदल्या दिवशी गल्लीत कल्हईवाला आला. आईनं मला भांडी घेऊन पाठवलं. तो भुईत खड्डा करून भाता बसवत होता. कानाच्या पाळीला काळं.

मी भांडी तिथेच ठेवून परत फिरले असते, पण त्यांनी पाहिलं होतं. "सूनबाई," म्हणाले, जसं काही कालच भेटलो होतो. लॉरीची चौकशी केली. मी म्हटलं, चांगली चालते. ते म्हणाले, चालणारच. आणि पातेल्यात कथील फिरवताना जरा हसले.

मी विचारलं, हे काम का, धुळ्यात इतक्या मोटारी आहेत. "बोली गऊ ना मी आबासना समोर," एवढंच म्हणाले. पाना पुन्हा न धरण्याचा तो बोल. डाख देता येतो त्याला कल्हई येतेच. आईचं विचारलं. पांझरेच्या काठाला एक खोपटं आहे, तिथे आहे. दिसत नाही आता काहीच. ती रोज विचारते, त्या निंबाखालच्या खोलीत कधी जायचं म्हणून. त्यांनी तिला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, उंबरा तासला तेसुद्धा. नंतरचं सांगितलं नव्हतं.

मी भांडी उचलली. निघाले तेव्हा त्यांनी थांबवलं. भात्यावरचा हात थांबला होता.

"सूनबाई, एक सांगू? आबासले सांगी द्या. आज नको. तुमना पाय घरमा पक्का व्हऊ द्या, पोरगं व्हऊ द्या, मंग सांगा. माले परत बलावानी गरज नही. मनी चूक नव्हती, इतलं त्यासले मालूम पडू द्या."

मी हो म्हटलं. पुन्हा हो. आणि तुम्हाला सांगते, "आज नको" हे दोन शब्द ते बोलले नसते तर मी कदाचित सांगितलं असतं. त्यांनी माझ्यासाठी मुदत ठेवली, आणि मी त्या मुदतीत पाय पसरून झोपले.

आषाढात मुलगा झाला. बाराव्या दिवशी आबा धुळ्याला आले. खोलीत ते, मी आणि बाळ, एवढेच होतो. आई स्वयंपाकघरात. त्यांनी नातू मांडीवर घेतला, मिशा त्याच्या हातात दिल्या, आणि माझ्याकडे न बघता, सासऱ्यांनी सुनेशी बोलावं तसं भिंतीकडे बघत म्हणाले, "माग बाई, काय हवं ते माग. आज नाही म्हणणार नाही."

पाय याहून पक्का कधी होणार होता? मी मनात वाक्य जुळवलं. आबा, ते पाणी मिस्तरींचं नव्हतं. पाच शब्द. आबा वाट पाहत होते. बाळानं मिशी ओढली, ते हसले.

मी पैंजण मागितले.

चांदीचे, घुंगरांचे. आठ दिवसांत आले. अजून आहेत, कुणाच्याही पायात मी ते घातले नाहीत आणि मोडलेही नाहीत.

मिस्तरी गल्लीत येत राहिले. त्यांची हाक ऐकली की मी बाळाला पाजायला घेऊन आतल्या खोलीत जायची. त्या पोरानं त्या महिन्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त दूध प्यायलं. एकदा आई म्हणाली, तो कल्हईवाला विचारत होता, बाळंतीण बरी आहे ना, मुलगा झाला ना. मी म्हटलं, कोण कल्हईवाला?

मग देशात झेंडा लागला, गावोगाव मिठाई वाटली, आणि त्यानंतर आठ दिवसांनी आबा गेले. झोपेतच. मी तान्ह्या पोराला घेऊन सासरी पोचले तेव्हा लॉरी निंबाखाली उभी होती, धुऊन पुसून, आणि आबा नव्हते.

तेरावं झाल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या बोलतील, कपाळ बडवतील, निदान नरसाळं फेकून देतील.

"माझ्यासाठी केलंस?" त्या म्हणाल्या. "अगं, मला विचारायचं तरी. नरसाळं नंतर विस्तवावर धरलं असतं, झालं. मोट चामड्याचीच होती की आपली, त्यातलंच पाणी आपण सगळे प्यायलो." आणि मग, "आता सांगतेस. आबा कुठे आहेत आता ऐकायला."

त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः गड्यांना ओसरीवर बोलावलं आणि सांगितलं की मिस्तरींची चूक नव्हती, चूक आमच्या घरातली होती. कुणाची ते सांगितलं नाही. मला म्हणाल्या, दिवाळीला माहेरी जाशील तेव्हा त्यांना घेऊन ये, आणि त्यांच्या आईला. खोलीत भरलेला कडबा मी काढून ठेवते.

मी त्या दिवाळीला धुळ्याला गेले ते त्यांना काय सांगायचं ते पाठ करत गेले. दोन दिवस कान रस्त्याकडे. तिसऱ्या दिवशी हाक आली, आणि आवाज वेगळा होता. दुसराच माणूस. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, पांझरेकाठचा तो मिस्तरी ना? पावसाळ्यात त्याची म्हातारी गेली. मग तो कुठे गेला कुणास ठाऊक. सुरतेकडे गेला असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं परत साक्रीकडे. भाता मला देऊन गेला.

आईनं आतून विचारलं, भांडी काढू का? मी नको म्हटलं. ती म्हणाली, अगं, पातेल्याची कल्हई गेली आहे, आत पितळ दिसतंय. मी म्हटलं, राहू दे.

पाडव्याच्या दिवशी त्याच पातेल्यात केलेली कढी कळकली. हिरवट झाली, तोंडात धरवेना. आई मला बोल बोल बोलली आणि सगळ्यांच्या ताटांतली कढी मोरीत ओतली गेली. माझी वाटी मी दिली नाही. सगळे पाहत होते म्हणून भिंतीकडे तोंड केलं आणि ती पुरी प्यायले.